तलंगा आणि शंभराचा बल्ब

आमच्या घरात शिकलेला मी एकटाच, आणि तोही अर्धाच. मॅट्रिक झालो, अकोल्याला कॉलेजात गेलो, इंटरला दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा रिकाम्या हातानं मूर्तिजापूरला परत आलो. तरी सदऱ्याच्या खिशाला पेन लावायची सवय काही सुटली नाही. पेनात शाई असायचीच असं नाही. पण पेन दिसलं की वस्तीतली माणसं कागद घेऊन यायची. मी वाचून दाखवायचो, आणि एखादा शब्द अडला की त्या जागी माझ्या पदरचा घालून पुढे जायचो. कुणाचं त्यात फारसं बिघडलं नाही. त्यामुळे न कळलेलं कळल्यासारखं सांगणं ही आपल्याला मिळालेली कलाच आहे, असं मला वाटायला लागलं होतं.

या कलेची खरी किंमत माझ्या थोरल्या बहिणीनं मोजली. तिला आम्ही घरात बाई म्हणायचो.

बाईचं लग्न चौदाव्या वर्षी झालं. पंधराव्या वर्षी तिला मूल झालं. ते रडलंच नाही, आणि त्या बाळंतपणात बाई स्वतः कशीबशी वाचली. त्यानंतर दोन वर्षांनी आम्ही घरचे सगळे पांढरे कपडे घालून नागपूरला गेलो आणि बौद्ध होऊन आलो. कोनाड्यातले देव नदीत गेले, घरातल्या पुष्कळ गोष्टी बदलल्या. बाई म्हणायची, "धर्म बदलता आला मले, नवरा नाई बदलता आला." म्हणायची आणि स्वतःच हसायची. नवरा अकोल्याकडच्या एका खेड्यातला. हात उचलायचा. पुढे त्यानं अकोल्यात दुसरं बिऱ्हाडही केलं, पण घरी सासूच्या हाताखाली राबायला बाई लागायचीच. एका सकाळी ती एका गाठोड्यासकट आमच्या दारात उभी राहिली. डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडीच जुळून आली होती. मायनं ती करंगळी हातात धरली आणि तिला आत नेलं.

त्यावेळी बाई पंचविशीची, मी बावीस-तेवीसचा. बाबा रेल्वेत रूळ बदलणारे सांधेवाले होते, नुकतेच रिटायर झालेले. गावाच्या कडेला आमचं दोन खोल्यांचं घर आणि मागे गुरांचा रिकामा कोठा. बाबांचं सगळं आयुष्य गाडीच्या वेळेवर चाललेलं. रिटायर झाल्यावरही यवतमाळकडची छोटी गाडी सुटल्याशिवाय ते चहा घेत नसत.

ब्लॉकच्या ग्रामसेविकेनं बाईचं नाव कोंबड्यांच्या योजनेत घातलं. एप्रिलात जयंतीचा मांडव उतरला त्याच आठवड्यात शंभर पिल्लं आली. पांढरी, विलायती जातीची, लेगहॉर्न. बाबांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "सायबाच्या पोरी हायेत या. याईले ज्वारी चालते का नाई, का ब्रेड पायजे?"

बाईनं कोठ्याला तुराट्यांचा नवा कूड घातला, खाली शेंगांची टरफलं पसरली, मडक्यात निखारे ठेवून पिल्लांना ऊब दिली. शंभरातली ब्याण्णव जगली. ग्रामसेविका म्हणाली, एवढी कुठंच जगली नाहीत. त्या दिवशी बाईनं स्वतःचे दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले, जणू ते कुणी तरी तिला नवीनच दिले होते.

जूनमध्ये अमरावतीच्या सरकारी केंद्रात तीन आठवड्यांचं शिक्षण होतं. राहायची सोय फक्त पुरुषांची. बाई मला म्हणाली, "मले तं येऊ देत नाईत. तू जाय. पन सारं लिहून आन भाऊ, एक बी शबद सोडू नको. तुह्या वहीवर माह्या कोंबड्या जगतीन."

मी गेलो. शिकवणारे मास्तर पुण्याकडचे, काळा कोट, बोलणं एकदम शुद्ध. माझं 'कोंबड्याईले' ऐकलं की त्यांच्या कपाळावर आठी चढायची. मी पहिल्या बाकावर बसायचो आणि न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं द्यायचो. त्यांनी माझं नाव 'आगाऊ' ठेवलं, आणि मी ते कौतुक समजलो.

शेवटच्या आठवड्यात उजेडाचा धडा होता. मास्तरांनी सकाळी सांगितलं : अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाचे चौदा तास उजेड मिळाला पाहिजे. हिवाळ्यात दिवस लहान होतो, तेव्हा पहाटे बल्ब लावून तो भरून काढायचा. उजेड तिच्या डोळ्यांतून डोक्यात जातो आणि डोकं पोटाला सांगतं, ऋतू आला. मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं : 'उजेड म्हणजे अंडी.' खाली दोन रेघा मारल्या. मास्तर म्हणाले, याचा दुसरा भाग जेवणानंतर, आणि तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा.

जेवणानंतर मी वर्गात नव्हतो. होस्टेलातल्या एका सोबत्यानं त्याचा कोट मला तासाभरासाठी द्यायचं कबूल केलं होतं, आणि तो तास नेमका तोच होता. मी कोट घालून फोटो स्टुडिओत गेलो. मागे रंगवलेला राजवाडा, पुढे उंच तिवई, तिवईवर माझा हात, खिशाला पेन. फोटोवाला म्हणाला, "हनुवटी वर करा साहेब." आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी साहेब म्हणालं होतं. मी हनुवटी इतकी वर केली की फोटोत माझ्या नाकपुड्याच जास्त आल्या आहेत. परत आलो तेव्हा वर्ग सुटला होता. कुणाची वही मागून उतरवून घ्यावं, हे मनात आलं आणि गेलं. उजेड म्हणजे अंडी. यापुढे आणखी काय असणार?

घरी आल्यावर बाईनं मला ओसरीवर बसवलं आणि वही पहिल्या पानापासून वाचायला लावली. ती स्वतः चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. मी वाचायचो आणि ती ओळीवर बोट ठेवून मागे मागे यायची. उजेडाच्या पानाशी आलो. पान अर्धंच भरलेलं, खालच्या अर्ध्यात मी एक कोंबडा काढला होता.

"पुढचं काहून नाई लिहिलं?"

"तेवढंच होतं," मी म्हणालो.

"आन हा कोंबडा?"

"तो मास्तरनंच काढाले लावला."

"मास्तरनं?" ती कोंबड्याकडे पाहत राहिली. "याले तं तीन पाय हायेत."

"एक शेपटी हाय ते."

ती हसली. पुढचं पान उलटलं.

जुलैत बाईचा सासरा आला. इवाई, म्हणजे व्याही, म्हणून बाबांनी त्याचं पाणी-तंबाखू केलं. म्हातारा वाईट नव्हता, पण पोराच्या बाजूचा होता. तो म्हणाला, "वरीस झालं इवाई. लोक विचारतात, सून कोठी हाय? राहू द्याची तं तसं सांगा. नाई तं धाडा."

बाबांनी तंबाखू मळून संपवली. मग म्हणाले, "दिवाळीलोक थांबा. पोरगी कोंबड्या पाळून राहिली. दिवाळीलोक त्या अंड्यावर आल्या आन तिच्या पोटापुरतं निघालं, तं थे इथंच राहीन. नाई तं तुमी या न घेऊन जा."

म्हातारा गेल्यावर माय बाबांवर धावून गेली. "पोटच्या पोरीले वायदा देता?"

बाबा म्हणाले, "मी आज हाओ, उद्या नाई. माह्या मांगं हिले कोन पायणार? हा?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "याच्या पेनात शाई भराले बी दुसरा मानूस लागते."

बाई दाराआड होती. ती बाहेर आली आणि बोटांवर महिने मोजायला लागली. ग्रामसेविकेनं सांगितलं होतं, साधारण सहा महिन्यांत तलंग अंड्यावर येते. तलंग म्हणजे अजून अंडं न दिलेली, उमलती कोंबडी. एप्रिलची अखेर, मे, जून... बोटं दिवाळीच्या जेमतेम अलीकडे येऊन थांबली.

"होते बरोबर," बाई म्हणाली. पण आवाजात बरोबर झाल्यासारखं काही नव्हतं.

मला तिचा तो आवाज सोसला नाही. एवढं तरी माझ्या बाजूनं सांगायला हवं. मी वही काढली आणि म्हणालो, "बाई, दिवाळी कायले? पोळ्यालेच अंडे दाखवतो तुले."

आमच्या घरी विजेचा एकच दिवा होता, पुढच्या खोलीत. मी त्याची वायर तोडली, अंगणावरून कोठ्यात नेली आणि शंभराचा बल्ब आढ्याला टांगला. त्या दिवसापासून तलंगा विजेच्या उजेडात आणि आम्ही कंदिलावर. बाबा जेवताना म्हणायचे, "इंटरचा अभ्यास आता कोंबड्या करून राहिल्या का बे? होऊ दे. तुह्यापरीस पास होतीन." मास्तरांनी चौदा तास सांगितले होते. मी म्हटलं, चौदानं अंडी येतात तर चोवीसनं लवकर येतील. बल्ब रात्रभर जळत ठेवला.

बाईला ते पटलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी तिनं एक तलंग उचलून पोटाशी धरली, तिच्या छातीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "अजून अंगानं भरली नाई रे हे. हाडूक हाताले लागते. एवढ्या लहानीले बी लाईट द्याची, असं लिहून हाय का वहीत?"

वही माझ्या हातातच होती.

"लिहून हाय," मी म्हणालो.

तीन आठवड्यांत त्यांचे तुरे लाल झाले. तीन साडेतीन महिन्यांच्या पोरी, पण तुरे थोरल्या कोंबड्यांसारखे, आणि घशातून तो लांबट गाणारा आवाज. पोळ्याच्या दोन दिवस आधी टरफलांत पहिलं अंडं सापडलं. पारव्याच्या अंड्याएवढं असेल. एका बाजूला रक्ताची बारीक रेघ होती. मी ती सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि अंडं तळहातावर घेऊन वस्तीभर फिरलो. लोक पाहायला यायला लागले. मी कोठ्याच्या दारात उभा राहून भाषण द्यायचो, उजेड डोळ्यांतून डोक्यात कसा जातो, डोकं पोटाला काय सांगतं. एक म्हातारी म्हणाली, "आमच्या म्हशीले लावतो का रे थो लाईट?" मी म्हटलं, "पाहू." खरंच म्हटलं, 'पाहू.'

आठवड्याभरात रोज वीस, पंचवीस अंडी. सगळी तशीच लहान. बाबांनी माझ्याकडून इवायाला कार्ड लिहून घेतलं : कोंबड्या अंड्यावर आल्या, बाई इथंच राहील, दिवाळीला येण्याची तसदी घेऊ नये. 'तसदी' माझा शब्द. बाईनं ते कार्ड स्वतः अक्षर लावून वाचलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. येताना रस्त्यातूनच मायला हाक मारून म्हणाली, "माय वं, आता मरीन तं इथंच मरीन मी!" आणि इतकी मोठ्यानं हसली की शेजारणी बाहेर आल्या. तिला तसं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

ते हसू बारा-तेरा दिवस टिकलं.

एका सकाळी कोठ्यात तीन तलंगा मेलेल्या होत्या. मागून रक्तबंबाळ, आणि बाकीच्या त्यांच्यावर तुटून पडलेल्या. दुसऱ्या दिवशी पाच. बाईनं जिवंत असलेली एक उचलून पाहिली. अंडं टाकायची जागा आतून उलटून बाहेर आली होती, लाल, सुजलेली. मायनं वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अंग बाहेर आलं हो हिचं."

बाई खाली बसली. तलंग मांडीवर घेतली, हळदीच्या कोमट पाण्यानं धुतली, करंगळीला तेल लावलं, त्या वाकड्या करंगळीलाच, आणि हळूहळू ते सगळं आत सारलं. तलंग ओरडली नाही, नुसतीच डोळे मिटत-उघडत राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा अंडं टाकलं, आणि सगळं पुन्हा बाहेर आलं. उजेड काही तिला थांबू देत नव्हता. बाईनं पुन्हा धुतलं, पुन्हा सारलं. तिसऱ्या दिवशी ती मेली. तेव्हा बाई मायला अगदी हळू म्हणाली, "माह्यासारखंच झालं वं इले."

माय उठून आत गेली. मी तिथंच होतो. मला ते ऐकू आलं, आणि ऐकू आल्याचं मी दाखवलं नाही.

माझी अक्कल या सगळ्यात काय करत होती? आजारी तलंगा बाईला नीट दिसाव्यात म्हणून मी बल्ब आणखी खाली ओढला. लाल दिसलं की कोंबडी चोच मारते. जितकं लख्ख दिसेल तितकी जास्त मारते. त्या रात्रीत अकरा गेल्या.

मग मी एक मेलेली तलंग फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली आणि अमरावतीला मास्तरांकडे निघालो. बडनेऱ्याला उतरून गाडी बदलायची. पण कितीतरी रात्री झोप नव्हती. गाडीत डोळा लागला तो थेट चांदूर रेल्वेला उघडला, तोही टी.सी.नं हलवल्यावर.

"तिकीट बडनेऱ्याचं, आन चालले कुठं? पिशवीत काय आहे?"

"कोंबडी."

"जिवंत?"

"आता नाही."

त्यानं पिशवीला नाक लावलं आणि मागे सरकला. "उतरा. आधी उतरा. दंड राहू द्या, ती पिशवी घेऊन उतरा." प्लॅटफॉर्मवर माझ्या भोवतालचं बाकडं रिकामं झालं. उलट्या गाडीनं बडनेरा, तिथून अमरावती. केंद्रावर पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

मास्तरांनी तलंग कापली. आत पिवळ्या बलकांचा घोस होता, लहान-मोठे, एकमेकांना ढकलत असल्यासारखे.

"वय?"

"पाचवा महिना संपत आलाय."

"उजेड केव्हापासून देताय?"

"तिसऱ्या महिन्यापासून. रात्रभर."

त्यांनी चष्मा काढला. "उजेडाच्या तासाला होता ना तुम्ही? पहिल्या बाकावर?"

"सकाळी होतो."

"आणि दुपारी?"

मी पिशवीची घडी घालायला लागलो.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसवलं आणि तो दुसरा भाग शिकवला, एकट्याला, जणू वर्ग भरलेला आहे. वाढत्या तलंगेला उजेड कधीही वाढवायचा नाही. दिवस लांबला की तिच्या डोक्याला वाटतं वेळ झाली, पण हाडं, पोट, मागची जागा, सगळं अजून पोरीचं असतं. डोकं हुकूम देतं आणि अंगाला तो पाळावा लागतो. विलायतेत तलावात मासे पाळतात, त्यांनाही उजेडाचं असंच असतं म्हणे. लांबवला-आखडला की माशांची वयात यायची वेळ पुढेमागे होते. "निसर्गानं घड्याळ दिलेलं असतं," ते म्हणाले, "आपण काटा ढकलायचा तर आधी घड्याळ शिकावं लागतं."

मी विचारलं, "काहीच केलं नसतं तर?"

"तर दसऱ्याच्या आसपास आपोआप अंड्यावर आल्या असत्या. चांगली मोठी अंडी. ब्याण्णव पक्षी म्हणालात ना? फार सुंदर जगवले होते कुणीतरी."

येताना गाडीत मी झोपलो नाही.

बाई कोठ्याच्या दारातच उभी होती. "काय म्हटलं मास्तरनं?"

सगळ्या वाटेनं मी वाक्य तयार केलं होतं. बाई, चूक माझी आहे, मी त्या दुपारी वर्गात नव्हतो. एवढंच. पण तिच्या हाताला तेल लागलेलं, पदराला रक्त, आणि मागे बाबा उभे. मी म्हणालो, "रोग हाय म्हणे. हवेतून येते. लाईट काढून टाक म्हटलं."

"दुसऱ्या कोनाच्या कोंबड्याईले आला का?"

"मले नाई मालूम."

"ग्रामसेविका म्हणे, इथं कोठीच नाई आला. मंग माह्याच कोठ्यात काहून?"

मी बल्ब काढायला शिडी शोधायला गेलो. परत आलो तेव्हा ती तिथंच बसली होती, दोन्ही हात समोर धरून. "माह्या हाताले यशच नाई," ती म्हणाली. तक्रार नव्हती ती. पुष्कळ दिवस शोधत असलेला हिशोब सापडावा तसं ती बोलली. "पोटचं जगलं नाई. हे तं कोंबड्या."

आता तरी बोलायचं. मी शिडी लावली, वर चढलो आणि बल्ब काढला. तो अजून गरम होता.

दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला गेली, बाबा-मायही. बाई गेली नाही. बल्ब काढल्यावरही तलंगा मरतच राहिल्या होत्या; उरलेल्या अकरांजवळ ती थांबली, पण त्यांना हात लावायची नाही. दाणा-पाणी मला टाकायला सांगायची आणि लांबून पाहायची.

दिवाळीला म्हातारा आला. माझं कार्ड त्यानं टोपीत ठेवलं होतं, ते काढून बाबांपुढे ठेवलं. बाबा त्या कार्डाकडे बघत राहिले. आणि मग मला कधीच वाटलं नव्हतं ते झालं. बाबा म्हणाले, "इवाई, मी शब्द देल्ला होता. तो मी मोडून राहिलो. कोंबड्या मेल्या तं मेल्या. पोरगी राहू द्या इथंच."

मायनं तोंडात पदर घातला. मी दारात होतो.

बाई बाहेर आली. गाठोडं हातात होतं. म्हणजे तिनं ते आधीच बांधलं होतं. "नाई बाबा," ती म्हणाली, "माह्या हाताखाली काई जगत नाई. तुमच्या घरात राहून तुमचं बी वाटोळं कायले करू? तिथं जे हाय थे पयलेच वाटोळं हाय."

बाबा म्हणाले, "असं नोको बोलू पोरी."

"खरं तेच बोलून राहिली."

ती माझ्याजवळून गेली. माझ्या गालाला हात लावायला उचलला आणि मध्येच मागे घेतला. मला सांगायचं होतं ते एका वाक्याचं काम होतं. स्टेशनापर्यंत मी तिचं गाठोडं उचललं, म्हाताऱ्याला डब्यात जागा करून दिली, खिडकीतून पाण्याचा तांब्या दिला. एवढं सगळं केलं. गाडी सुटली.

त्यानंतर चारेक वर्षांनी मी तिच्या गावी गेलो. तोपर्यंत मला पंचायत समितीत कारकुनी लागली होती, आणि पेनात शाई असायला लागली होती. अकोल्याहून एस.टी., मग पाऊण तास पायी. बाई वाळली होती, पण माझ्यासाठी तिनं वांग्याचं भरीत केलं, भाकरी टाकल्या. नवरा अकोल्यातच असायचा, सासू वारली होती, म्हातारा ओट्यावर खोकत पडलेला. गावात प्रत्येक अंगणात कोंबड्या. बाईचं अंगण झाडून पुसून चकचकीत, एक पीस नाही.

मी जेवत होतो तेव्हा शेजारची बाळंतीण आली. महिन्याभराचं पोर दुपट्यात घेऊन. "मामी, तुमचा भाऊ आला म्हणे. पोर दाखवाले आणलं." आणि तिनं ते पोर बाईकडे धरलं.

बाईनं दोन्ही हात पाठीमागे नेले. "राहू दे वं. माह्या हाती नोको देऊ. लांबूनच चांगला दिसते." ती हसून बोलली. शेजारीणही सवयीनं हसली आणि पोर परत कुशीत घेऊन गेली. म्हणजे हे रोजचं होतं. चार वर्षांचं.

हातातला घास मी परत ठेवला. मी ताट सारलं आणि सगळं सांगितलं. वही, अर्धं पान, लिहून हाय म्हटलं ते, मास्तरांचं म्हणणं, दसऱ्याला आपोआप आल्या असत्या ते, हवेतला रोग. खाली मान घालून बोलत होतो. संपलं तेव्हाही मान वर झाली नाही.

चुलीतलं लाकूड तिनं बाहेर ओढलं आणि पाणी मारून विझवलं. मग विचारलं, "त्या दुपारी कोठी होता तू?"

"फोटो काढून राहिलो होतो."

"कायले?"

"असाच. कोट भेटला होता."

तिनं विझलेलं लाकूड चुलीच्या कडेला लावून ठेवलं. मग म्हणाली, "लेकराची अक्कल होती तुही. कोंबड्याचं मी काई म्हणत नाई." थांबली. "पन तू आला ना अमरावतीहून, तवा सांगाचं होतं. बाबा राहा म्हणत होते. तवा सांगतलं असतं, तं मी गेली नसती भाऊ."

मी म्हणालो, "बाई, आता चाल. माह्यासंगं चाल. मले नोकरी हाय आता."

"म्हातारा हाय तिकडं. त्याले पाणी कोन देईन?" ती उठली. रांजणातून पाणी घेऊन हात धुतले, साबणानं, कोपरापर्यंत, फार वेळ. पदराला पुसले. अंगण ओलांडून शेजारणीच्या दारात गेली. तिथून मला तिचा आवाज ऐकू आला, "दे वं ते पोर. पाहू दे मले."

शेजारीण घाबरल्यासारखी थांबली, मग तिनं दिलं. बाई माझ्याकडे पाठ करून उभी होती. तिच्या कोपराखालून दुपट्याचं एक टोक लोंबत होतं. मी ओट्यावर बसून राहिलो. एस.टी.ची वेळ झाली, म्हातारा म्हणाला, "जा पोरा, गाडी चुकन." बाई वळली नाही. मी पिशवी उचलली आणि निघालो.